भरपूरची खोली

उपनगर, नाशिकरोड
८ ऑक्टोबर

आबा, जयभीम.

फोन करून बोट झिजलं, तुम्ही उचलत नाही. भागीआत्या उचलते आणि सांगते, "आत्ताच बाहेर गेला बघ." सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहालाही तुम्ही आत्ताच बाहेर गेलेले असता. सिन्नरच्या पुढच्या त्या एवढ्याशा गावात पंचाहत्तराव्या वर्षी इतकं बाहेर जाण्यासारखं काय आहे, ते मला काही कळलेलं नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला तुम्ही नाही म्हणणार नाही. पाकिटावरचं तिकीट तुमच्याच प्रेसमधून छापून आलेलं आहे.

मुद्द्याचं बोलते. समाजमंदिराच्या मागच्या खोलीची किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशातून गावी गेली आहे. कमिटीनं ती सगळ्यांत जुने सभासद म्हणून तुमच्याकडे दिली होती, गावी न्यायला नव्हे. खोलीत नऊ क्रेट टोमॅटो अडकून पडलेत. सनी म्हणाला, मॅडम, कुलूप तोडतो, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. कुलूप आबांनी लावलंय, आबाच उघडतील. मग त्यानं खिडकीच्या गजांतून हात घालून एकेक टोमॅटो बाहेर काढला. लांबचे काढायला काठीला डाव बांधला. अर्धा दिवस गेला आणि सगळी गल्ली बघायला जमली.

तुम्ही असे अचानक का गेलात ते मला खरंच माहीत नाही. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुहूर्त धरून, आपण खोली सुरू केली. पहिली पिशवी तुम्ही घेतलीत, फोटो झाला, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुम्ही गावी. बरं, टोमॅटो घेऊन आलेले खंडेराव तुमच्याच गावचे. तुम्हाला तर उलट आनंद व्हायला हवा होता.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं असं तुम्ही विचारायचात आणि मी उडवून लावायचे. आता सांगते. वीस वर्षं मी अकरावीच्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिते: माणसाच्या गरजा अमर्याद आहेत आणि साधने मर्यादित आहेत. सगळं अर्थशास्त्र त्या एका खुंटीला टांगलेलं आहे. यंदा निकिता नावाची सिन्नरकडची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे काल लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. मग साधनं मर्यादित कुठं होती?" वर्ग हसला. हे अभ्यासक्रमात नाही, असं म्हणून मी तिला खाली बसवलं. घरी येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती.

ती बरोबर होती, आबा. आज जेवढं पिकवता येतं, बनवता येतं, तेवढं माणसाला कधीच येत नव्हतं. तरी जास्त झालं की आपण ते ओतून देतो, कारण भाव मिळत नाही. ही सगळी व्यवस्था टंचाईवर चालते, भरपूर झालं की तिचे हातपाय गळतात. ती कायमची आहे असं कुठं लिहिलेलं नाही. पुढं कधीतरी माणसं पुरेसं आहे ते पुरेसं म्हणून वापरतील, प्रत्येक गोष्ट विकल्याशिवाय हलतच नाही असं राहणार नाही. मोठमोठे विद्वान त्याला शंभर-दोनशे वर्षं लागतील म्हणतात. माझ्या रिटायरमेंटला पंधरा राहिली आहेत. म्हणून म्हटलं, निदान एक खोली तरी.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा छापलेल्या माणसाच्या मुलीनं नोटेशिवायची खोली काढावी, याचं तुम्हाला केवढं हसू आलं होतं. "छापताना तो कागदच असतो गं," असं तुम्हीच म्हणाला होतात. मग आता कुठं बिनसलं?

किल्ली पाठवा.

तुमची
राखी

ता. क. ब्लडप्रेशरच्या गोळ्या इथंच राहिल्यात. सिन्नरच्या जीपवाल्याबरोबर पाठवते आहे. तेवढ्यासाठी तरी बाहेर जाऊ नका.


१९ ऑक्टोबर

आबा,

गोळ्या मिळाल्या असं आत्यानं सांगितलं. तुम्ही नाही सांगितलं.

खंडेराव परवा पुन्हा पिकअप घेऊन आले. वीस क्रेट. तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही, पण पिकलेला माल झाडावर ठेवला तर पुढचा बहर बिघडतो, म्हणून तोडावाच लागतो, असं त्यांचं म्हणणं. माणूस काही वाईट वाटत नाही. बोलतात कमी, बघतात जास्त. खोलीला कुलूप आहे म्हटल्यावर सगळा माल समाजमंदिराच्या ओट्यावर उतरवला. मी पाटी लावली: हवं ते न्या, पैसे नाहीत.

कुणी आलं नाही.

मला वाटलं होतं झुंबड उडेल. रांगेसाठी मी खडूनं पट्टेसुद्धा आखले होते. लोक समोरून जाताना मान वळवून जात होते. दुपारनंतर तर समोरूनही जाईनात, पलीकडच्या गल्लीनं वळसा घेऊ लागले. खडूचे पट्टे बघून एक बाई मला विचारत होती, इथं लंगडी खेळणार आहेत का. संध्याकाळी दोन शेळ्या आल्या, त्या मात्र मनसोक्त जेवल्या.

शेवटी मी लताबाईंच्या दारात गेले. शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवलेली बाई, तुम्ही त्यांच्या ठेच्यासाठी भाकरी वाढवून घेता. तुम्ही तरी का येत नाही, म्हटलं. त्या पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "राखी, बाजारात मी भाजीवाल्याशी भाव करते. भाव केला की भांडता येतं. खराब निघालं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर नेऊन आपटता येतं. तुझ्या इथं मी कोणाशी भांडू? फुकट घेतलं की आपलं तोंड बंद. मी काय भिकारीण हाय का?"

एम. ए. ला मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

सनी तेवढा टिकून आहे. अंबडच्या कारखान्यात तो कंत्राटावर ऑपरेटर होता हे तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये तिथं रोबो आला आणि आठ माणसांचं काम एकटा करू लागला. काम हलकं झालं तर आठ जणांना सुटी मिळायला हवी होती. मिळाली नोटीस. मी वर्गात ज्याला बेरोजगारी म्हणून शिकवते, ती सरळ बघितली तर माणसांकडे उरलेली फुरसत आहे. ती उरली की आपण तीही टोमॅटोसारखी रस्त्यावर ओतून देतो. तर त्या सनीनं जुन्या खिडक्यांच्या काचा आणि काळा पत्रा जोडून गच्चीवर वाळवणीची पेटी केली आहे. चार उन्हांत टोमॅटोच्या चकत्या चामड्यासारख्या होतात आणि वर्षभर टिकतात. मी कौतुक केलं तर म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं वेळच भरपूर आहे, तोच वाळवतोय."

आता एक कबूल करते. तुम्ही का गेलात ते मला माहीत नाही असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खरं नाही. तो बॅनर. "गरजूंना मोफत टोमॅटो वाटप", आणि खाली येत्या निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या त्या गृहस्थांचे जोडलेले हात. त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापून आणला. मी फुकट मिळाला म्हणून घेतला. मग फोटोवाला म्हणाला, "काका, जरा वाका, पिशवी येत नाहीये." तुम्ही वाकलात. तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला आणि मग बॅनरकडे बघत राहिले.

अजूनही काही आहे, पण ते पुढच्या पत्रात. एकदम सगळं कबूल करायची मला सवय नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

राखी


३० ऑक्टोबर

आबा,

काल आत्याचा फोन आला. तुम्ही खरोखरच बाहेर गेला होतात म्हणे, म्हणून तिनं मोकळेपणी सगळं सांगितलं.

मला आजीबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती कडक होती आणि आपल्या घरात फुकटचं काही यायचं नाही हा तिचा कायदा होता. कायदा कुठून आला ते तुम्ही कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. ती गावातल्या त्या मोठ्या घरासमोर ओट्याच्या खाली उभी राहायची, तुम्ही सहा वर्षांचे तिचा पदर धरून. वरून भाकरी टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. पदर पसरून ती वाकायची. नीट वाकली नाही तर भाकरी मातीत पडायची. आणि कधी चहा दिलाच, तर वळचणीला खोचलेला वेगळा कप घ्यायचा, प्यायचा, स्वतःच धुवायचा आणि परत तिथंच खोचायचा. मग छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षेची बातमी गावात आली आणि आजी दुसऱ्या दिवसापासून त्या ओट्याकडे गेली नाही. आत्या म्हणाली, त्या हिवाळ्यात घरात कितीदा नुसती अंबाडीची भाजी होती, पण आई परत वाकली नाही.

त्या घराचे मालक म्हणजे खंडेरावांचे आजोबा.

आणि मी त्याच दसऱ्याला, त्याच घरच्या माणसाच्या हातून तुम्हाला पिशवी दिली. तुम्ही त्यांना "कोणाचा रे तू?" असं विचारलंत ते मी ऐकलं होतं. मला वाटलं ओळख काढताय.

आता उरलेलं सांगते. तुम्ही एकदाच वाकला नव्हता. पहिल्या फोटोत तुमचे डोळे मिटले होते. फोटोवाला पुढं निघाला होता. मीच त्याला थांबवलं. "आबा, अजून एकदा," असं मी म्हटलं. तुमच्या मुलीनं म्हटलं. आणि तो दुसरा फोटो मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, आमच्या घरापासून सुरुवात असं वर लिहून. तो आता काढला आहे, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला.

माझं चुकलं, आबा. माझ्या डोक्यात भविष्यातला समाज होता आणि डोळ्यासमोरचा माणूस मला दिसला नाही. माफ करा असं म्हणणं फार थोडं वाटतं, तरी म्हणते. बॅनर मी फाडला, त्याच्या चिंध्यांनी सनीनं पेटीच्या काचा पुसल्या.

पण दुसरंही लिहिते, कारण तुमच्याशी खोटं बोलून झालंय आणि ते मला पचलं नाही. खोली मी सोडणार नाही. मांडणी चुकली म्हणून मूळ म्हणणं चुकत नाही. भरपूर आहे हे खरंच आहे. ते माणसांपर्यंत कुणालाही न वाकवता कसं पोचवायचं ते मला येत नाही, एवढंच. ते मी शिकणार.

राखी


१० नोव्हेंबर

आबा,

तुमचं कार्ड आलं. पोस्टमन गेल्यावर मी दारातच चार वेळा वाचलं. मग लताबाईंना वाचून दाखवलं, मग सनीला. आता तुम्हालाच परत लिहून दाखवते, म्हणजे तुम्ही नंतर मी असं म्हटलंच नव्हतं म्हणायला नको:

"राखी, तुझी तीन्ही पत्रं मिळाली. माफीचं कळलं. किल्ली देणार नाय. प्रेसच्या गेटवर चौतीस वर्षं रोज झडती दिली. हात वर करून उभा राहिलो. कधी लाज वाटली नाय. आणि तुझ्या एका पिशवीची वाटली. असं का, ते तू शिकलेली हायेस, तू सांग. काळू."

खाली आबा लिहायच्या ऐवजी काळू लिहिलंत. सही करायची सवय की राग, ते मी ठरवू शकले नाही.

तीन दिवस विचार केला. पुस्तकात काही सापडलं नाही. मग मला माझी शाळेतली वर्षं आठवली. तुमचा डबा राहिला की आई मला गेटपर्यंत पाठवायची आणि पाळी सुटेपर्यंत मी तिथंच थांबायचे. तुम्ही हात वर करून उभे असायचात. आत जाताना स्वतःच्या खिशातली नोटसुद्धा बाहेर ठेवायची आणि नोटांच्या डोंगरातून रोज रिकाम्या हातानं बाहेर पडायचं. मला ते बघवायचं नाही. पण तुमच्या मागं कोण असायचं? तुमचे साहेब. टाय लावलेले, तेही हात वर करून. त्यांच्या मागं त्यांचे साहेब. झडती सगळ्यांची होती, म्हणून ती कुणाचीच नव्हती.

आणि माझ्या खोलीत? टेबलाच्या एका बाजूला देणारे, दुसऱ्या बाजूला घेणारे. ते टेबल मी स्वतः उचलून आणलं होतं.

ओट्यावरचं टेबल काढलं. पाटी बदलली. आता नियम एकच आहे: जो आणेल त्यानं काहीतरी नेलंच पाहिजे, आणि जो नेईल त्यानं काहीतरी ठेवलंच पाहिजे, मग ती वस्तू असो, काम असो की माहिती. मोजायचं कुणी नाही. लताबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आता भांडता येईल का?" येईल म्हटलं. त्या संध्याकाळी वाळलेल्या टोमॅटोचा ठेचा घेऊन आल्या आणि चकत्या जाड कापल्यात म्हणून सनीशी भांडून दोन पिशव्या घेऊन गेल्या. त्यांचं बघून बाकीचे आले. कुणी कढीपत्ता ठेवला, कुणी शिलाईचं मशीन बुधवारी वापरायला देते म्हणाली, एका आजोबांनी फॉर्म भरून देतो असं सांगितलं आणि खरंच चष्मा लावून बसले. ते निवडणूकवाले गृहस्थही आले, फ्रिज देतो, फक्त वर नाव टाका म्हणत. फ्रिज ठेवा, आणि जाताना चकत्यांची पिशवी न्या, सगळ्यांसारखी, असं मी म्हटलं. त्यांना मीटिंग आठवली.

मग शनिवारी खंडेराव आले. नियम सांगितला. ते हसले. "बाई, मला काय लागतंय? आमच्या घरी देवाच्या दयेनं समदं हाय."

"मग टोमॅटो परत न्या," मी म्हटलं.

"आता हे कुठं नेऊ?"

"ते मला माहीत नाही. इथून काही नेणार नसाल तर इथं काही ठेवता येणार नाही."

ते ओट्यावर मांडलेल्या वस्तूंकडे बघत उभे होते. कढीपत्ता, चकत्या, ठेच्याची बरणी. त्यांचा हात बरणीकडे गेला आणि मधेच मागं आला. ते सगळ्यांनी बघितलं. मग पिकअप सुरू केली आणि वीस क्रेट जसे आले तसे परत गेले. भरपूरच्या खोलीची बाईच भरपूर परत पाठवते म्हणून सनी तासभर हसत होता. मला हसू आलं नाही. पण मी त्यांना हाक मारली नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे का ते कळवा. चूक असेल तर पुन्हा सोडवते.

राखी


२३ नोव्हेंबर

आबा,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला खंडेराव आले. गाडी रिकामी. मार्केटमधून थेट आले होते, शर्ट घामानं भिजलेला. ओट्यावर चढले नाहीत. सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "भूक लागलीय. मंडळी पुण्याला पोराकडं गेलीत. घरी कोणी नाय."

लताबाई ओट्यावर भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. मी दारात होते. तो ओटा चांगला माणसाच्या कमरेइतका उंच आहे. लताबाई वर, ते खाली. आजीची गोष्ट लताबाईंना माहीत होती, मीच सांगितली होती.

खरं सांगते, आबा. माझ्या मनात आलं, टाका. वरूनच टाका, लताबाई, आणि पडू दे मातीत. मी अर्थशास्त्र शिकवते, पुढच्या समाजाच्या गप्पा मारते, आणि तेवढ्या क्षणाला मला फक्त ते हवं होतं.

लताबाई उठल्या. गुडघे धरत एकेक पायरी उतरल्या. चार पायऱ्यांना त्यांना किती वेळ लागतो ते तुम्ही बघितलंय. खंडेरावांच्या शेजारी त्याच पायरीवर बसल्या, भाकरीवर ठेचा ठेवला आणि हातात दिली. हाताला हात लागला. मग दुसरी भाकरी स्वतःला घेतली. दोघं जेवायला लागले.

"मीठ जास्त झालंय का?" लताबाईंनी विचारलं.

"नाय. बरोबर हाय."

अर्धी भाकरी संपल्यावर ते म्हणाले, "आमच्या घराचा ओटा लय उंच हाय, बाई."

"मग उतरायचं," लताबाई म्हणाल्या. "मला गुडघ्याचं दुखणं असून उतरता येतं."

आबा, मी आत जाऊन रडले. चांगलं मोठ्यानं रडले.

जाताना त्यांनी ठेच्याची बरणी मागून घेतली. शुक्रवारी बारा क्रेट आले, आणि बरोबर शेतात तोडणी करणाऱ्या हरसूलकडच्या दोन बायका. त्यांनी ज्वारीच्या पिठासाठी आमच्याशी हुज्जत घातली आणि सनीला चकत्या राखेत घोळवून वाळवायची त्यांच्याकडची पद्धत दाखवली. सनी दोन दिवस तेच करतोय.

मग खंडेराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "नानांना भेटायला जाऊ का? दोन पेट्या घेऊन जातो. हात जोडतो." नाना म्हणजे तुम्ही. मी म्हटलं, पेट्या नेऊ नका. काहीही नेऊ नका. घेऊन गेलात तर दारातूनच परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. जायचंच असेल तर रिकाम्या हातानं जा आणि काहीतरी मागा.

ते जातील की नाही मला ठाऊक नाही. ते तुमचं आणि त्यांचं आहे.

किल्लीचं आता मागत नाही. खोली ओट्यावर चालू आहे आणि ओट्यावरच चालेल. पुढच्या वर्षी पलीकडच्या वसाहतीत दुसरी काढायची आहे, तिलाही कुलूप ठेवणार नाही. पण तुमची खुर्ची गॅलरीत तशीच आहे आणि सकाळचा पेपर मी उगाचच दोन भाग करून ठेवते. मला तुम्ही इथं हवे आहात. समाज पुढं कसाही होवो, मला तुम्ही आत्ता हवे आहात.

राखी


गाव
३ डिसेंबर

राखी,

जयभीम. कार्डावर मावणार नाय म्हणून पाकीट आणलं. भागी म्हणते अक्षर सुधारून लिही. मी म्हटलं ती मास्तरीण हाय, तिला लागेल ते.

तू गणित बरोबर सोडवलं. उशीर लावला पण बरोबर हाय. गेटवर साहेब मागं उभा असायचा म्हणूनच मान ताठ राहायची. हे मी तुझ्या आईला बी कधी सांगितलं नव्हतं.

सोमवारी खंडेराव आला. मोटारसायकल लांब लावली, चालत आला. हातात काही नाय. मी अंगणात होतो. भागी आतून बघत होती. तो उभा राहिला. मी काय बस म्हटलं नाय. मग म्हणाला, नाना, एक कप चहा मिळंल का.

त्या घरातलं माणूस आमच्या दारात आलं नव्हतं असं नाय. मतं मागायला आलेत, मजूर बोलवायला आलेत. पण मागायला म्हणून, आणि खायला प्यायला म्हणून, कोणी आलं नव्हतं. मला पंचाहत्तर वर्षं झाली. भागीनं चहा केला. आपल्याच कपात दिला, निळ्या फुलांच्या, जो तू घेऊन दिला. तो मान खाली घालून प्याला. सगळा प्याला. मग उठला आणि कप घेऊन इकडं तिकडं बघायला लागला. म्हणाला, कप कुठं धुऊ.

राखी, त्याला ठाऊक होतं. त्याच्या घरात बी कोणीतरी सांगितलेलं असणार.

मी त्याच्या हातातून कप घेतला. म्हटलं, ठेव. आमच्या घरात पाहुण्याला कप धुवायला लावत नाय.

तो गेल्यावर मी तो कप स्वतः धुतला. भागीला धुऊ दिला नाय. आईची लय आठवण आली.

आता ऐक. सात तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीनं येतो. किल्ली आणतो. ओट्यावर चालेल म्हणतेस, पण पावसाळ्यात काय करशील, एवढी अक्कल पाहिजे. खोलीच उघडायची. आणि दाराशी माझी खुर्ची टाकून ठेव, गॅलरीतली. मी गेटवर बसणार. झडती मी घेणार. चौतीस वर्षं मी नोटांच्या ढिगातून रिकाम्या हातानं बाहेर पडलो. या दारातून रिकाम्या हातानं कोणी बाहेर पडला, तर परत आत. पाटील असो नाय तर प्रोफेसर.

तू सगळ्यांचं लिहिलं. लताबाईनं काय नेलं, खंडेरावानं काय नेलं, हरसूलच्या बायांनी काय नेलं. पाची पत्रं मी परत काढून वाचली. तू काय नेलं ते कुठंच नाय. तू नुसती देत बसलीस, मधी उभी राहून.

पहिली झडती तुझी.

आबा